लेनोरमाँचे छत्तीस पत्ते आणि एक संसार : सांगलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका जोडप्याचं आहे. दोघांच्या संमतीने लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशीलही. मी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. भविष्य सांगायच्या पत्त्यांवरून माझ्यापर्यंत आलेली घरं थोडीच आहेत, पण या घराने मला बराच विचार करायला लावला. पत्त्यांना कोणता प्रश्न विचारला गेला, आणि तोच प्रश्न ज्या माणसाला विचारायचा त्याला विचारायला किती उशीर झाला, या दोन गोष्टींवर हे सगळं प्रकरण फिरतं.

पार्श्वभूमी

स्मिता पस्तिशीची, विश्रामबागेतल्या एका खासगी शाळेत शिक्षिका. माहेर साताऱ्याचं. विनायक तिच्याहून चार वर्षांनी मोठा, मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. लग्नाला बारा वर्षं झालेली, मुलगा पाचवीत. गावभागात जुनं घर, घरात विनायकची आई. लग्न पत्रिका बघून ठरलेलं. "अठ्ठावीस गुण जुळले होते हो," हे स्मिताच्या आईने मला दोनदा ऐकवलं.

या घराची गोष्ट पुरापासून सुरू होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फुटांची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि यांचा तळमजला बुडाला. फ्रिज, कपाटं, सासूबाईंचं शिलाई मशीन, सगळं गेलं. भिंतींची ओल पुढे दोन वर्षं हटली नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं. ते फिटतंय न फिटतंय तोवर जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा दारात. तेव्हापासून स्मिताचं एकच म्हणणं, इथून निघायचं, विश्रामबागेकडे फ्लॅट बघायचा. सासूबाईंचंही एकच म्हणणं, या घरातून मी हलणार नाही. विनायक दोघींपैकी कुणालाच नाही म्हणाला नाही. शांत स्वभावाचा माणूस. घरातलं सगळं बरं चाललंय असं बाहेरून वाटावं, ते बऱ्याच अंशी त्याच्या या गप्प बसण्यामुळेच.

मग गेल्या दिवाळीच्या आधी काही महिने तो बदलला. रात्री फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागला. फोन टेबलावर पालथा. दुसरी गाडी विकली, कारण विचारलं तर "वापरात नव्हती." रविवारी मुलाला घेऊन बाहेर पडायचा, तेही थांबलं. एकदा स्मिताने फोनवर नाव बघितलं, पुढे फक्त "मॅडम" लिहिलेलं. विचारल्यावर तो म्हणाला, "कामाचं आहे," आणि खाली निघून गेला.

हे पत्ते कसले

पुण्याच्या एका मैत्रिणीने स्मिताला वाढदिवसाला एक पत्त्यांचा संच दिला होता. टॅरो आता आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, त्यात 78 पत्ते. हा संच त्याहून वेगळा, लेनोरमाँ नावाचा, फक्त 36 पत्त्यांचा. प्रत्येक पत्त्यावर रोजच्या जगातलं एकेक चित्र: घोडेस्वार, जहाज, घर, झाड, ढग, साप, कोल्हा, उंदीर, अंगठी, पुस्तक, पत्र, मासे, जहाजाचा नांगर, किल्ली. दोन पत्ते माणसांचे, 28 क्रमांकाचा पुरुष आणि 29 क्रमांकाची स्त्री. जुन्या घडणीच्या संचांत चित्राच्या कोपऱ्यात खेळायचा पत्ताही छापलेला असतो, छक्कीपासून एक्क्यापर्यंत, चारही रंगांचे मिळून छत्तीस. अवघड चित्रं बरीचशी किलवरची. साप म्हणजे किलवरची राणी.

मारी आन लेनोरमाँ ही पॅरिसमधली नावाजलेली भविष्य सांगणारी बाई, 1772 ते 1843 हा तिचा काळ. हा संच मात्र तिने केलेला नाही. न्यूरेंबर्गच्या योहान कास्पार हेख्टेलने 1799 च्या सुमारास 'आशेचा खेळ' या नावाने छत्तीस पत्ते काढले होते. ते सहा ओळींत सहा-सहा मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगट्या पुढे न्यायच्या. 35 क्रमांकाच्या नांगरावर पोचला तो जिंकला. म्हणजे घरात बसून खेळायचा खेळ. लेनोरमाँ वारल्यानंतर तिच्या नावाला भाव होता, म्हणून त्याच चित्रांचे पत्ते तिच्या नावाने विकले जाऊ लागले. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यातली दशावताराची 120 गोल पानंही खेळण्यासाठीच रंगवलेली. कुणी उद्या त्यांत संसाराचं भविष्य शोधू लागलं, तर फार वेगळं काही होणार नाही.

हा इतिहास मी स्मिताला पुढे एका बैठकीत सांगितला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "पण ताई, चित्रं बघून माझ्या डोक्यात जे आलं, ते तर खरंच आलं ना?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहिलं.

अडचण

सगळे पत्ते एकदम मांडायची एक पद्धत आहे, नऊ-नऊच्या चार ओळी. त्यात पुरुषाचा पत्ता शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचे पत्ते वाचायचे. स्मिताने एका रात्री मुलगा झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी जमिनीवर ही मांडणी केली. मनात प्रश्न होता, त्यांच्या मनात काय चाललंय? पुरुषाच्या डाव्या हाताला साप, खाली कोल्हा, तिरक्यात उंदीर, वर मासे आणि पुस्तक. अंगठी लांब, शेवटच्या ओळीत.

पत्त्यांसोबतच्या पुस्तिकेत सापाचा अर्थ दिला होता: कपट, वाकडी वाट, दुसरी स्त्री. कोल्हा म्हणजे फसवणूक. पुस्तक म्हणजे गुपित. अंगठी लांब, म्हणजे लग्न दुरावलेलं. तिने मोबाइलवर फोटो काढला. माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यात आधी मला तो फोटो दाखवला, आणि तो मोठा करून सापावर बोट ठेवलं.

इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण तो त्या पुस्तिकेत नाही. या मांडणीत छत्तीसच्या छत्तीस पत्ते खाली असतात, म्हणजे साप कुठेतरी पडणारच. प्रश्न फक्त जवळ की लांब. छत्तीसमध्ये ढग, साप, शवपेटी, विळा, चाबूक, कोल्हा, डोंगर, उंदीर आणि क्रूस असे निदान नऊ पत्ते सरळ सरळ वाईट मानले जातात. पुरुषाचा पत्ता मांडणीच्या आतल्या भागात पडला, तर त्याला आठ शेजारी मिळतात. त्या आठांत नऊपैकी एक तरी वाईट पत्ता येण्याची शक्यता शंभरात त्र्याण्णव. अगदी कोपऱ्यात पडला तरी तीन शेजाऱ्यांत एक वाईट निघण्याची शक्यता शंभरात साठ. भेदरलेल्या मनाने हे पत्ते मांडणाऱ्याला भीती दाखवणारं काहीतरी मिळतंच. स्मिता गणित शिकवते, तिने हा हिशेब माझ्यासमोर वहीत स्वतः करून पाहिला.

त्या रात्रीनंतर तिने तीच मांडणी पुन्हा पुन्हा केली. कधी साप लांब गेला तर "आज पत्ते नीट पिसले नव्हते" म्हणून परत. मग इन्स्टाग्रामवर एक पत्ते बघणारी सापडली. 751 रुपये घेऊन तिने आवाजात निरोप पाठवला: तुमच्या नवऱ्याच्या आयुष्यात कामाच्या ठिकाणची एक स्त्री आहे, तिच्या नावात 'र' किंवा 'स' आहे, नवऱ्याला यातलं काही बोलू नका, नातं शुद्ध करायचा विधी 11,000 रुपयांत होईल. आपल्याकडे बायकांच्या कितीतरी नावांत यातलं एखादं अक्षर असतंच. स्मिताच्या स्वतःच्या नावात त्यातलं एक आहे.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकच मजकूर दिला होता. त्यातली बरीच वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. मुलांनी तो आपल्याला किती लागू पडतो यावर पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. हे सांगितलं की लोक हसतात. पण ऐकणाऱ्याला रात्र-रात्र झोप नसते, तेव्हा तो मजकूर अंगाला चिकटून बसतो. स्मिता मूर्ख नव्हती. एकटी पडली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या आईने काढला, चार माणसं बसवायची. साताऱ्याहून भाऊ, मामा आणि इकडून विनायकचे काका. आमच्या भागात ही पद्धत अजून आहे आणि काही वेळा तिचा उपयोगही होतो. पण सगळ्यांसमोर एकदा "बाहेरची बाई" हा शब्द निघाला, की तो खोटा ठरला तरी परत घेता येत नाही. स्मितालाही हे कळत होतं, म्हणून ती आईला दर आठवड्याला "थोडं थांब" म्हणत राहिली.

दुसरा पर्याय भावाचा. साताऱ्याचा मुलगा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावचा, कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांना गेलेला. पत्त्यांचं कळल्यावर तो इतका चिडला, की इन्स्टाग्रामवाल्या बाईवर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायची म्हणाला, आणि पत्ते चुलीत घालायला सांगितले. त्या कायद्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्यं नमूद केलेली आहेत. नुसते पत्ते मांडून काही सांगणं त्यात येत नाही. त्याचा संताप प्रामाणिक होता. पण त्याच्या रागाचा परिणाम असा झाला, की स्मिताने त्याला पुढचं काहीच सांगितलं नाही. पत्ते डाळीच्या डब्यामागे गेले आणि मांडणी चालूच राहिली.

तिसरा, नवऱ्याचा फोन गुपचूप बघायचा. चौथा, मुलाला घेऊन माहेरी. पाचवा, ते 11,000 रुपये. यातला पाचवा तिने स्वतःच बाजूला ठेवला, आणि कारण मला फार मोलाचं वाटतं. "ती म्हणाली नवऱ्याला सांगू नका. ताई, एक माणूस घरात लपवतोय म्हणून मी रडतेय, आणि उपाय काय, तर मी पण लपवायचं?"

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या बैठका

माझ्यासमोरही तीन वाटा होत्या. पत्ते बाजूला ठेवायला सांगणं, तिच्याबरोबर ते "वाचणं", किंवा ती चित्रं बोलण्यासाठी वापरणं. दुसरी वाट माझ्या कामात बसतच नाही. पहिली सरळ दिसते, पण भावाने तीच धरली होती आणि तिचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

आधी मी तिच्या हातात वही दिली आणि मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे मानलेलं. डावीकडे फक्त डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं. साप उजवीकडे गेला. "बाहेरची बाई" उजवीकडे गेली. डावीकडे सात नोंदी उरल्या: गच्चीवरचे फोन, पालथा फोन, "मॅडम", गाडी विकली, पगार घरात उशिरा येतो, मुलाच्या क्लासची फी भरायला दोन महिने टाळाटाळ, दिवाळीला पाटल्या काढू म्हटल्यावर "या वर्षी राहू दे."

तिने यादी स्वतः वाचली आणि मग खालून वर पुन्हा वाचली. सातपैकी चार नोंदी उघड उघड पैशाच्या होत्या. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "लॉकर बघितलं पाहिजे."

या प्रकरणातला पहिला वळणाचा क्षण हा. ती त्याच दुपारी जाऊन लॉकर उघडू शकत होती, लॉकर दोघांच्या नावावर होतं. मी तिला एकच विचारलं: लॉकर रिकामं निघालं, तर त्यानंतरचं पहिलं वाक्य काय असेल, आणि ते कुणाला? ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी ठरवलं, आधी विनायकला बैठकीला आणायचं. तो आला नाही, तर मग लॉकर.

तो आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज आला. लपवणारा माणूसही थकलेला असतो.

सुलटे पत्ते

विनायकला पत्त्यांबद्दल माहीत होतं. डाळीचा डबा काढताना त्याला ते दिसले होते, पण तो तेव्हाही काही बोलला नव्हता. मी दोघांना विचारून ते टेबलावर मांडले, सगळे सुलटे, चित्रं वर. पिसायचे नाहीत, ओढायचे नाहीत. प्रत्येकाने बघून, निवडून दोन उचलायचे: एक सध्या घरात मला कसं वाटतं त्यासाठी, दुसरा मला जे सांगायचं आहे त्यासाठी. पुस्तिकेतला अर्थ वापरायचा नाही. वाक्य "मला" किंवा "माझं"ने सुरू करायचं. एकजण बोलत असताना दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही.

चित्रांच्या आधाराने माणसाला बोलतं करणं मानसशास्त्राला नवं नाही. हर्मन रोर्शाकचे शाईच्या डागांचे दहा पत्ते 1921 चे. पण त्या चाचण्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने घ्यायच्या आणि तपासायच्या असतात. मी इथे कसलीही चाचणी घेत नव्हते, हे दोघांना स्पष्ट सांगितलं. जोडप्यांच्या बैठकीत नजरेला नजर भिडली की भांडण पेटतं. दोघांच्या मध्ये टेबलावर बघायला काहीतरी असलं, तर डोळे तिकडे जातात आणि तोंड उघडतं. माझा उद्देश तेवढाच होता.

स्मिताने मनोरा उचलला. "मला शाळेतून घरी आल्यावर असं वाटतं. सगळे घरात असतात आणि मी वरच्या खिडकीत एकटी." मग पत्र. "मला कुणी काही कळवत नाही. मला कळवा."

विनायक म्हणाला, "मला हे असलं जमायचं नाही." तरी वाकून तो एकेक चित्र बघत राहिला. नांगराशी थांबला, पुढे गेला, आणि उंदराचा पत्ता उचलला. पत्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, वर बघत नव्हता. "माझ्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं," तो म्हणाला. "पोत्याला उंदीर लागले की वरून काही दिसत नाही. शिवण तशीच असते. पोतं उचललं की कळतं, हलकं झालंय." मग थांबून म्हणाला, "माझं तसं झालंय."

स्मिताने नियम मोडला आणि मी तो मोडू दिला. तिने विचारलं, "किती?"

"सहाच्या आसपास."

"लाख?"

त्याने मान हलवली.

काय बाहेर आलं

विश्रामबागेतल्या फ्लॅटचे पहिले पैसे उभे करायचे म्हणून त्याने यार्डातल्या दोघांबरोबर हळद घेऊन ठेवली होती. भाव चढेल अशी आशा. भाव उतरला. सौद्यात अडकलेली रक्कम भरायला एका खासगी सावकाराकडून साडेतीन लाख, शेकडा तीन रुपये महिन्याने. म्हणजे महिन्याला साडेदहा हजार नुसतं व्याज. ते भागेना, म्हणून लॉकरमधल्या स्मिताच्या पाटल्या आणि तोडे एका पतसंस्थेत ठेवून दोन लाख चाळीस हजार. फोनवरची "मॅडम" तिथली वसुलीची अधिकारी.

हे ऐकल्यावर स्मिताच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. बाई नव्हती. पण ती सुटका टिकली नाही, आणि टिकायलाही नको होती. ते सोनं तिचं होतं. स्त्रीधनावर बायकोची पूर्ण मालकी असते. नवऱ्याने ते न विचारता गहाण टाकणं ही साधी चूक नाही, हे मी विनायकला त्याच बैठकीत सांगितलं. "तुमच्यासाठीच केलं" या वाक्याने ते पुसलं जात नाही.

त्याहून मोठा घाव शेवटी आला. पावत्या कुठे आहेत, असं विचारल्यावर विनायक म्हणाला, "आईकडे." सासूबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "तिला सांगू नकोस, तिला पेलायचं नाही," हा सल्ला त्यांचाच. स्मिता उठून गॅलरीत गेली. पत्त्यांच्या कुठल्याही मांडणीत तिने हे वाचलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी ज्यांच्या शेजारी बसून भाजी निवडत होती, त्यांच्याकडे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

इथे वाचणाऱ्याला मोह होईल म्हणायचा, की बघा, मासे म्हणजे पैसा, उंदीर म्हणजे तोटा, पुस्तक म्हणजे गुपित, पत्त्यांनी बरोबर सांगितलं होतं. विनायकही एकदा तसं म्हणाला. पण तीच मांडणी आधी दुसरी बाई दाखवत होती, आणि स्मिताला तीही तितकीच बरोबर वाटली होती. निकाल कळल्यावर चित्रं त्याला जुळवून घेता येतात.

पैशाचा निर्णय

पुढच्या बैठका जवळजवळ सगळ्या हिशेबाच्या झाल्या. स्मिताला आधी सोनं हवं होतं, आणि तिच्या भावनेला माझ्या मनात पूर्ण जागा होती. पण शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सोनेतारणाचं व्याज त्याच्या निम्म्याहून कमी होतं. आधी सावकार संपवला, तर दर महिन्याचे साडेदहा हजार सुटतात आणि तेच सोन्याकडे वळवता येतात. तिने आकडे मांडून पाहिले आणि तयार झाली. अटी दोन: तारणाच्या पावत्या आणि लॉकरची किल्ली तिच्या हातात, आणि तिच्या नावावर एक रुपयाचंही नवं कर्ज काढायचं नाही. दुसऱ्या अटीवर विनायक अडखळला, कारण तिच्या पगारावर पतसंस्थेचं कर्ज सहज मिळालं असतं. ती ठाम राहिली, आणि तिचं ठाम राहणं मला योग्य वाटलं.

सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. विनायक घाबरला. माणूस यार्डातलाच होता आणि उद्या त्याच गल्लीत बसायचं होतं. तक्रार केली नाही. पण तक्रार करता येते हे त्याला माहीत आहे, एवढं सावकाराच्या कानावर गेल्यावर शेवटच्या दोन महिन्यांचं व्याज सुटलं. उरलेल्या हळदीतला विनायकचा वाटा तोट्यात विकला, बाकीचे पैसे धाकट्या बहिणीने दिले.

आज काय स्थिती आहे

आठेक महिन्यांत सावकाराचा हिशेब संपला. पाटल्या परत आल्या, तोडे अजून तारण आहेत. फ्लॅटचा विषय बंद नाही, पण पुढे ढकलला आहे. पगार आता एका संयुक्त खात्यात जमा होतो आणि दर रविवारी रात्री दोघं मिळून वही उघडतात. भांडणं होतात. विनायकला फोन आला, की स्मिताचे कान अजून टवकारतात, आणि त्याला त्याचा राग येतो. मी दोघांनाही सांगितलंय, की हे काही वर्षं चालेल.

पत्ते स्मिताकडेच आहेत. तिने स्वतःचे नियम केलेत. मांडायच्या आधी प्रश्न वहीत लिहायचा. प्रश्नात "मी" असला पाहिजे, समोर नसलेल्या माणसाच्या मनातलं विचारायचं नाही. एका प्रश्नाला एकदाच, परत पिसायचं नाही. आणि पत्ते बघून जे वाटलं ते दोन दिवसांत त्या माणसाशी बोलायचं. नाही बोलता आलं, तर ते खरं धरायचं नाही. तिच्या भावाला हेही पटत नाही. मला पटतं, कारण या नियमांनी पत्त्यांकडून निर्णयाचा हक्क काढून घेतला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विनायकने गाडी विकली तेव्हा बोलायला हवं होतं. तोपर्यंत सोनं लॉकरमध्ये होतं. गाडी विकण्यापासून पाटल्या तारण ठेवण्यापर्यंत जवळजवळ चार महिने गेले, आणि या घराचं खरं नुकसान त्या चार महिन्यांत झालं.

स्मिताने पहिल्याच रात्री "त्यांच्या मनात काय चाललंय"च्या जागी "मला त्यांना काय विचारायची भीती वाटते" असा प्रश्न ठेवला असता, तर चित्रं कुठलीही पडली असती तरी तिला बोलायची सुरुवात मिळाली असती. डावी-उजवी वही तर पत्त्यांशिवायही करता येते, आणि करावीच. सात नोंदी लिहायला तिला वीस मिनिटं लागली. त्याआधी कित्येक रात्री मांडणीत गेल्या होत्या.

माहेरच्यांनी तिला एवढंच विचारायला हवं होतं, तू नक्की काय पाहिलंस? आईला बैठक हवी होती, भावाला पत्ते जाळायचे होते. दोघांचा जीव तिच्यासाठी तुटत होता, पण तिच्या नोंदी कुणी ऐकल्या नाहीत.

सासूबाईंचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. त्यांना आधीच बैठकीला बोलावलं असतं, तर गुपित लवकर फुटलं असतं, की त्यांनी मुलाला आणखी गप्प केलं असतं, यावर मी आणि माझ्या सहकारी अजून एकमत झालेलो नाही. मला वाटतं, नवरा-बायको आधी, हाच क्रम बरोबर होता. स्मिता त्यांच्याशी बोलते, पण भाजी आता एकटीच निवडते. तोडे सुटले की तिघांची एक बैठक घ्यायची, असं विनायकने स्वतःहून सुचवलंय. सासूबाई यायला तयार आहेत. स्मिताने अजून हो म्हटलेलं नाही.